पिवळा दिवा आणि बाहेरची खुंटी

आमच्या घराच्या मागच्या दाराबाहेर एक लाकडी खुंटी आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती आमच्या मंडळींच्या हुकमावरून ठोकली गेली. कामावरून आलो की कपडे खुंटीवर, मी नळावर, आणि मग घरात प्रवेश. आमच्या घरात सोवळ्याचं प्रस्थ होतं ते एवढंच. कारण पेट्रोलचा वास. "माणसाशी नाही, पेट्रोलपंपाशी लगन लागलं माझं," असं कुसुम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मी तिथेच उभा असलो तर जरा जास्त मोठ्यानं सांगायची.

मी रायपूरचा. वडील रेल्वेत होते, गोंदियाकडून बदलून आले आणि इथलेच झाले. मी रूळ सोडून रस्त्याला लागलो. पंडरीच्या मागे एका मोटार वर्कशॉपमध्ये हातोडी धरायला शिकलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पंडरी म्हणजे कापडाचा ठोक बाजार, त्यामुळे हात पुसायला आमच्याकडे चिंध्या मोठ्या श्रीमंत असायच्या. ग्रीसचे हात मी शालूच्या काठालाही पुसले आहेत. त्यातली एखादी बरी चिंधी कुसुम धुऊन ठेवायची, आणि आमच्या अपर्णाच्या बाहुलीला कधी कपड्यांची ददात पडली नाही.

मी कामाला लागलो तेव्हा गाडीत बोलणारं काही नव्हतं. गाडी खोकली, अडली, काळा धूर सोडायला लागली की आम्ही तिच्याभोवती फिरायचो आणि हुंगायचो. हो, हुंगायचो. जास्त पेट्रोल पीत असेल तर धूर घशाला लागतो. इंजिनाचं पाणी जळत असेल तर वास गोडसर येतो. क्लच जळला तर सारा पारा नाक धरतो (इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात). पुढे धूर साफ करणारा डबा आला, तो बिघडला की नासक्या अंड्यांचा वास. माझं नाक या कामात तयार झालं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचे कान चांगले होते, ते इंजिन ऐकायचे. मी वास घ्यायचो. गिऱ्हाइकं गमतीनं म्हणायची, भैया, बोनेट नंतर उघडा, आधी नाक उघडा.

मग पिवळा दिवा आला. गाडीच्या समोरच्या पाटीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. गाडीतून हवेत जी घाण जाते ती आवरणारी एक यंत्रणा असते. तिच्यात काही बिनसलं की हा दिवा लागतो. स्टिअरिंगच्या खाली एक तोंड असतं, त्यात तळहाताएवढा स्कॅनर लावला की तो एक नंबर दाखवतो. लोकांना वाटतं नंबर आला म्हणजे रोग कळला. तसं नसतं. पाऱ्यात आरडाओरडा कोणत्या गल्लीतून आला तेवढं नंबर सांगतो. कोणी कोणाला मारलं हे गल्लीत जाऊनच पाहावं लागतं.

या दिव्यानं मला हसवलं खूप. एक बाई यायच्या, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांची गाडी आली तेव्हा पाटीवर दिवा दिसेचना, त्या जागी एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली. म्हणाल्या, "बार बार आँख में आता था भैया, तो मैंने लगा दी." मी टिकली काढली तर दिवा विझलेला. झालं होतं असं की पंपावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धवट लावलं गेलं होतं. त्यामुळे टाकीतली वाफ बाहेर जायची आणि दिवा लागायचा. मधे कुणीतरी झाकण नीट फिरवलं आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर दिवा आपोआप गेला. बाईंची श्रद्धा मात्र टिकलीवर बसली. जाताना त्यांनी पर्समधून नवी टिकली काढली आणि "सावधानी के लिए" म्हणून पुन्हा त्याच जागी लावली.

घरच्या घरी दिवा लागला तर आधी झाकण बघा, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. घट्ट आहे का, आतलं रबर चिरलं आहे का. टाकीत पेट्रोल असतं आणि रायपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पेट्रोलची वाफ होते. ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून एका नळीनं कोळशाच्या डब्यात नेतात. कोळसा ती धरून ठेवतो आणि गाडी चालली की इंजिन ती ओढून जाळतं. कल्पना मोठी छान आहे. पण नळ्या रबराच्या असतात, आणि रबर आवडणारा एक जीव आपल्याकडे घरोघरी आहे.

त्या जिवामुळे एक गुरुजी माझे कायमचे गिऱ्हाईक झाले. छत्तीसगढी माणूस, स्वभावानं देव. त्यांच्या गाडीच्या नळ्या उंदीर पुन्हा पुन्हा कुरतडायचे. इंजिनाजवळ तंबाखूची पानं ठेवली की उंदीर येत नाही, असा एक उपाय आहे. तो कुणीतरी त्यांना सांगितला. पुढच्या वेळी गाडी आली आणि मी बोनेट उचललं तर ओळखीचा वास. इथे सकाळी हिरड्यांना गुडाखू चोळतात. काळपट लगदा, छोट्या डबीत मिळतो. गुरुजींनी गोल बाजारातून डब्या आणून साऱ्या नळ्यांना बोटानं गुडाखू फासला होता. पानं वाऱ्यानं उडतात, हा चिकटून राहतो, असा त्यांचा हिशेब.

"एमा तमाखू हे ना भैया, मुसवा काबर आही?" यात तंबाखू आहे ना, मग उंदीर कशाला येईल, असं ते मला विचारत होते.

मी म्हटलं, "गुरुजी, तंबाखू आहे हे खरं. आणखी काय असतं त्यात?"

गुरुजी थांबले. नळीकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. "गुड़ घलो हे," ते हळूच म्हणाले. गूळपण आहे! पाऱ्यातल्या साऱ्या उंदरांना त्यांनी गूळ लावून आवतण दिलं होतं. आम्ही दोघं बोनेटखाली डोकं घालून इतके हसलो की उस्ताद चिडले. आता उस्ताद नाहीत, गुरुजीही गेले. गुडाखूचा वास आठवायला बसलो तर शब्द आठवतात, वास येत नाही.

येत नाही म्हणजे खरोखरच येत नाही. ती मोठी साथ आली तेव्हा मला ताप आला. तसा बरा होऊन घरी आलो, देवाची कृपा. वास मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. काहींचा आला, माझा नाही आला. एकदा मी गॅससमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो आणि माझ्यासमोर दूध करपलं. कुसुम अंगणातून धावत आली. तिनं गॅस बंद केला, पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला एवढंच म्हटलं की अपर्णाला सांगू नको, गिऱ्हाइकांच्या कानावर तर मुळीच नको.

कारण निवृत्तीनंतरही पाऱ्यातल्या गाड्या माझ्या अंगणात यायच्या. स्कॅनर होता, हत्यारांची पेटी होती, नाव होतं. नाक नसलेला मिस्त्री म्हणजे काय हे माझं मला ठाऊक होतं. सोपी कामं करायचो, अवघड आलं की पाठ दुखते म्हणून पुढे पाठवायचो.

आणि ओढ किती असावी! दुबराज तांदूळ शिजताना घरभर वास सुटायचा, तो हवासा वाटणारच. कुसुमच्या केसांतलं खोबऱ्याचं तेल, त्याचंही समजू शकतो. पण मला पेट्रोलच्या वासाची ओढ लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा तो पहिला थंड झटका. पंपावर उगाच उभा राहायचो मी. पोट्टे विचारायचे, काका, कितने का डालूँ, आणि माझ्याकडे गाडीच नसायची.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. अपर्णा नव्या रायपूरला राहते, तिथेच एका कार्यालयात आहे. रुंद रस्ते, बस कमी, गाडीशिवाय पान हलत नाही. रविवारी ती लेकीला घेऊन आमच्याकडे येते. त्या रविवारी गाडी फाटकाशी थांबली आणि आमची पाच वर्षांची मिठू दार उघडून बाहेर आली ती थेट नालीवर ओकायला बसली.

"हिले गाडी लागून राहिली आजकाल," अपर्णा म्हणाली. "पहले नहीं होता था. महिना झाला, रोजच."

"नाना, बदबू आती है," मिठू तोंड पुसत मला म्हणाली.

"मी तो सेंट लावला ना एसीपाशी, त्याले म्हणते ती," अपर्णानं सांगितलं. "और बाबा, वो पीला वाला लाइट भी जल रहा है. वर्कशॉपवाल्यांनी बुझाकर दिया, चार दिन में फिर आ गया. मी तर आता कंटाळली. आज तुम्ही पाहून द्या, नाहीतर विकूनच टाकते."

दिवा विझवणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं. मी स्कॅनर लावला. नंबर आला तो वाफेच्या गल्लीतला, वाफ कुठेतरी निसटत होती. पोरगी रोज मागच्या सीटवर बसते आणि रोज ओकते. हे गाडी लागणं नव्हतं, आणि बदबू सेंटची नव्हती. पण हे माझं डोकं सांगत होतं. नाक काहीच सांगत नव्हतं.

मी झाकण पाहिलं. घट्ट, रबर नवं. बोनेटखालच्या नळ्या चाचपल्या, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं. गाडीखाली गोणपाट टाकून झोपलो, आरसा धरून कोळशाच्या डब्याचे सांधे पाहिले. सगळं जागच्या जागी. ऊन चढलं. पूर्वी मी गाडीभोवती एक चक्कर मारली असती आणि बोट ठेवलं असतं.

अपर्णा वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून पाहत होती. "बाबा, तुम्हाला तर सूंघते ही पता चल जाता था," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मी पाना खाली ठेवला. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की हे आज मला सापडलं नाही, तर स्कॅनर आणि पेटी दोन्ही उद्या कबाड्याला देऊन टाकायची. लेकीच्या पोरीच्या श्वासात काय जातंय हे ज्याला कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला हात कशाला लावावा?

कुसुम स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. किती वेळ, कोण जाणे. ती पदराला हात पुसत आली, मिठूची पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं मागचं दार उघडलं आणि आत वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"अवो," ती म्हणाली, "हा सेंट आधी काढा. याच्याखाली दबून राहिलं."

मी सेंटची बाटली काढून दूर ठेवली. तिनं डोळे मिटले. चाळीस वर्षं जिनं माझे कपडे दोन बोटांत धरून उचलले, ती बाई डोळे मिटून माझ्या लेकीच्या गाडीत वास घेत होती.

"पेट्रोल आहे," ती म्हणाली. "अवो, हा तर खुंटीचा वास आहे."

"सांडलेलं वाटते की वाफ वाटते?" मी विचारलं. मला वाटलं, हे तिला कसं कळणार.

"सांडलं तर जड राहते, कपड्याले धरून बसते. मले दोनदा धुवा लागे," ती म्हणाली. "हे हलकं आहे. तुम्ही टाकी उघडली त्या दिवशी असं येत होतं."

कोणत्या दिवशी मी काय काम केलं हे खुंटीवरून तिला रोज कळत होतं, आणि मला वाटायचं ती नुसतं नाक मुरडते. मी तिच्या शेजारी वाकलो. "समोर जास्त आहे काय?"

"नाही."

"दाराकडं?"

"नाही. खाली. इथं, पोट्टी बसते तिथं." तिनं सीटच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.

मी अपर्णाला सांगितलं, तुळशीपाशी उदबत्ती लावली असेल ती विझव, गॅस बंद कर. गाडीची चारी दारं उघडली, बॅटरीची तार सोडली, मग मागची सीट उचलली. सीटखाली टाकीवरचं लोखंडी झाकण असतं, आणि तिथूनच वाफेची नळी निघते. झाकणाच्या कडेला धानाच्या ओंब्या, भुसा, सीटमधला कापूस, असं एक गुबगुबीत घरटं. नव्या रायपुरात अपर्णाच्या घरापलीकडे शेतं आहेत. धान कापलं गेलं आणि तिथले उंदीर बिऱ्हाड घेऊन तिच्या गाडीत आले. नळी वरून ठीक दिसत होती. बोट खाली घातलं तर अर्धचंद्रासारखा तुकडा खाल्लेला.

"बाबा," अपर्णा म्हणाली, "एवढा वास होता, तर मग तुम्हाला नाही आला?"

मी घरटं उचलून कागदावर ठेवत राहिलो. कुसुमनंच सांगितलं. "त्याईले येत नाही वास. तापापासून."

अपर्णा आमच्याशी बोलते ते अर्धं हिंदीत. आम्हीही सवय करून घेतली आहे, पोरं शाळेत जे बोलतात तेच घरी आणतात. पण ती खाली बसली, माझा गुडघा धरला आणि लहानपणी बोलायची तशी बोलली. "मले काहून नाही सांगितलं, बाबा?"

"काय सांगू? नाक गेलं, मिस्त्री गेला, असं सांगू?"

"वासाविन काम कराले मी म्हटलं होतं काय तुमाले? माणसाले असं मनात ठेवून राहू नये ना." आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले, ते मी शालूच्या नाही पण एका साध्या चिंधीला पुसले.

पेटीत पेट्रोलला चालणारी नळी होती. मी तेवढा तुकडा कापला, दोन्हीकडून क्लिपा आवळायला घेतल्या. जुनी नळी ओढताना तिच्यात साचलेलं थोडं पेट्रोल माझ्या बाहीवर उडालं. कुसुम अजून दाराशीच वाकून होती.

"बाजूला हो," मी म्हटलं, "डोकं दुखेल तुझं. लावून टाकतो आता."

"थांबा ना जरा," ती म्हणाली.

"कशाले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही रिटायर झाले तेव्हापासून हा वास आला नाही घरात. सायंकाळी मागचं दार वाजे आणि हा वास येई, मग मी चहा ठेवत होती." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही कामाहून आल्यासारखं वाटून राहिलं मले."

मी क्लिप हातात धरून बसलो. मला वाटत होतं वासाची ओढ मला एकट्यालाच आहे. मीही खाली वाकलो, छाती भरून श्वास घेतला. काहीच आलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो, आणि जे मला येत नव्हतं ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मग मी क्लिप आवळली.

दिवा लगेच विझत नाही. मी अपर्णाला सांगितलं, आता कुणाला तो विझवू देऊ नको, चार-सहा फेऱ्या झाल्या की तो आपला आपण जाईल. सीटखाली तंबाखूची पानं ठेव. नुसती पानं, म्हटलं, आणि गुरुजींची गोष्ट सांगितली. मिठूला गूळ लावून उंदीर बोलावल्याची कल्पना फार आवडली. दिवेलागणीला त्या निघाल्या आणि घरी पोचल्यावर फोन आला. फोनवर मिठू होती. "नाना, आज उल्टी नहीं हुई. बदबू भी नहीं थी." कबाड्याचा विचार तिथेच मिटला. पेटी अजून खाटेखाली आहे, आणि गाडी आली की आता मी कुसुमला हाक मारतो. ती भाव खाते, पण येते.

त्या संध्याकाळी मी शर्ट काढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मागचं दार उघडलं. खुंटीपर्यंत हात गेला होता.

"राहू द्या," ती चहाचं आधण ठेवत आतून म्हणाली. "आज आत टांगा."

मी शर्ट आतल्या खोलीत, तिच्या लुगड्यांच्या शेजारी टांगला. चहा घेऊन आम्ही दोघं पलंगावर बसलो, शर्टाकडे तोंड करून. मी दीर्घ श्वास घेतला, मग तिला विचारलं, "येऊन राहिला काय?"

"हव," ती म्हणाली.